देवाचं प्रेम बिनअटीचं असतं म्हणतात, मग रोजच्या धबडग्यात ते ओळखायचं कसं?

औसेकर_ताई

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न लांबलचक आहे, पण पूर्ण वाचून मग लिहा ही विनंती, कारण अर्धं ऐकून "श्रद्धा ठेवा ताई" म्हणणारे लई भेटलेत.

आम्ही औसा तालुक्यातले. शेती आहे आणि मी गावातच अंगणवाडीत काम करते. आमचं लेकरू सातव्या महिन्यातच झालं, वजन भरलंच नव्हतं, लातूरला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेलं. सासूबाईंनी तेव्हा तुळजापूरच्या आईला नवस बोलला, लेकरू हातीपायी धड घरी आलं तर साडीचोळी, खणानारळानं ओटी आणि दारात गोंधळ घालू. मला तर काही सुचतच नव्हतं, दूध पण उतरत नव्हतं, शेजारच्या कॉटवर उदगीरकडची एक बाई होती, तिनं तिचं दूध वाटीत काढून दिलं, सिस्टरनी डॉक्टरांना विचारून ते पाजलं, मग काही दिवसांनी माझं आलं. देवीच्या कृपेनं लेकरू जगलं, आता घरभर पळतंय.

पण गोंधळ राहिला. आधी दवाखान्याचं देणं, मग सोयाबीनला भाव नाही, आणि २०२५ च्या सप्टेंबरात पाऊस असा पडला की तेरणेचं पाणी रानात घुसलं, काढणीला आलेल्या सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले आणि खालच्या पट्टीतली तर मातीच खरवडून गेली. तेव्हापासून सासूबाईंचं एकच, आईचं देणं ठेवलंय म्हणून आई कोपली. लेकराला साधा ताप आला तरी घरात सगळे माझ्या तोंडाकडं बघतात.

मी लहानपणापासून कीर्तनात ऐकलंय की देव माऊली आहे, लेकराचे गुणदोष बघत नाही. आणि घरात जो देव बघितला तो उधारीची वही घेऊन बसलेल्या दुकानदारासारखा, थकबाकी राहिली की दारात उभा. ह्यातला खरा कोणता? आणि बिनअटीचं प्रेम खरंच असेल तर ते दिसतं कुठं? मी पहाटे उठल्यापासून पाणी, शेण, स्वयंपाक, डबे, मग अंगणवाडीची लेकरं, संध्याकाळी परत तेच. पारायणाला, ध्यानाला बसायला वेळ नाही आणि देवळात गेलं की शांत वाटतं हे मला सांगू नका, मलाही वाटतं, पण घरी आलं की जाते ती शांती. ह्या कामधामातच कसं ओळखायचं ते कुणाला सांगता आलं तर सांगा.

माळकरी_गंगाखेड

रामकृष्णहरी ताई. मी गंगाखेडचा, म्हणजे जनाबाईंच्या गावचा, त्यामुळं तुमचं पाणी, शेण, स्वयंपाक वाचलं आणि पहिली जनाबाईच डोळ्यासमोर आली. तिचं अख्खं आयुष्य ह्यातच गेलं बघा. लहानपणीच आईबापाचं छत्र गेलं, पंढरपूरला नामदेवरायांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरी कामाला राहिली, दळण, कांडण, पाणी, धुणं, गोवऱ्या वेचणं हेच केलं. नवस बोलायला गाठीला पैसा नाही, जातीनं मान नाही, तीर्थयात्रेला कोण सोडणार. आणि तिच्या अभंगात देव येतो कुठं? जात्याच्या खुंट्याला हात लावायला येतो, रांजण भरायला येतो, रानात गोवऱ्या वेचायला येतो. तुळशीपाशी ती केस मोकळे सोडून बसली तर हातात लोणी घेऊन तिच्या डोक्याला चोळतो. नीट विचार करा, बाईच्या डोक्याला तेल कोण चोळतं, आई नाहीतर बहीण, आणि ज्या बाईला दोन्ही नाहीत तिच्या डोक्याला हात लावायला पांडुरंग आला असं ती म्हणते.

ह्याचं कारण जनाबाईनं काय दिलंय ते मला सगळ्यात मोठं वाटतं. माझी भक्ती मोठी म्हणून आला असं नाही म्हटलं, मी एवढे उपास केले म्हणून असं पण नाही. जनीला कुणी नाही म्हणून देव पाणी घालतो, एवढंच. कुणी नाही, बस, हीच पात्रता. ह्याला मी बिनअटीचं म्हणतो.

आता तुम्हीच काय लिहिलंय ते परत वाचा. शेजारच्या कॉटवरच्या बाईनं दूध दिलं. तिनं तुम्हाला जात विचारली का, नवस बोललाय का विचारलं का, परत कधी देणार विचारलं का? तिला एवढंच दिसलं की ह्या लेकराला दूध नाही. तिचं स्वतःचं लेकरू पण दवाखान्यातच होतं, म्हणजे ती पण संकटातच, तरी तिनं वाटी पुढं केली. तुम्ही हे एका ओळीत लिहून पुढं गेलात आणि गोंधळाचं मात्र सविस्तर लिहिलंत, ह्यात तुमचा दोष नाही, माणसाचं असंच असतं, मागून मिळालेल्याचा हिशेब राहतो आणि न मागता मिळालं ते ध्यानातच राहत नाही. मला विचाराल तर देवीची कृपा त्या वाटीतच होती, आणि ती वाटी आली तेव्हा नवसाचा एक पैसा पण फिटलेला नव्हता.

रोजचं म्हणाल तर काम थांबवून देव बघायला जाऊ नका. कामातच बघा की गरज पडली तेव्हा कोण आलं आणि ते यायला आपण काय असं मोठं केलं होतं. बहुतेक वेळा उत्तर येतं की काहीच केलं नव्हतं. मोटर जळाली तर शेजाऱ्यानं त्याच्या बोअरचा पाईप आपल्याकडं वळवला, डब्याची वेळ झाली आणि जाऊनं न सांगता पीठ मळून ठेवलं, असलं. जनाबाईनं काय वेगळं केलं हो, जी मदत मिळाली तिला पांडुरंगाचं नाव दिलं. आमच्या गावातून शेगावची पालखी जाते तेव्हा लोक रस्त्यावर उभं राहून वारकऱ्यांना खाऊ घालतात, ओळख ना पाळख, त्यात वाढणाऱ्याचं तोंड बघा कधी, घेणाऱ्यापेक्षा तोच जास्त खूश असतो. मला तिथं देव लवकर कळतो.

किल्लारी_भागातला

माळकरी दादांचं पटलं. पण दूध देणारी बाई आली म्हणून देव प्रेमळ, तर जिथं कुणीच आलं नाही तिथं काय म्हणायचं? हे विचारल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला मी प्राथमिक शाळेत होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं, लोक उशिरा दमून झोपले, पहाटे ४ च्या आसपास भूकंप. आमच्याकडची घरं म्हणजे मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, वर माळवद आणि त्यावर मातीचा थर, ते सगळं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन्ही जिल्हे मिळून दहा हजाराच्या जवळपास माणसं गेली. आणि त्यानंतर बाहेरून आलेले काही शहाणे म्हणायचे की ह्या भागात काहीतरी पाप झालं असणार, देव कोपला. माझी धाकटी बहीण पाळण्यात होती. तिनं कोणता नवस बुडवला होता? म्हणून ताई, देव कोपला हे वाक्य मला कुणाच्याच तोंडून सहन होत नाही, तुमच्या सासूबाई वयानं मोठ्या आहेत तरी नाही. माणसं मेली ती दगडाच्या भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्यानं.

आणि देव प्रेमळ आहे असं पटकन म्हणणाऱ्याला पण मी हेच विचारतो की पाळण्यातल्या लेकराचं काय. मला आजवर उत्तर मिळालेलं नाही आणि खोटं उत्तर मला नको.

तरी मी देव सोडला नाही, ते आजीमुळं. गावातलं मारुतीचं देऊळ पण पडलं होतं. पत्र्याच्या शेडमधी राहायचो तेव्हा आजी म्हणायची, त्याचंबी घर पडलं की आपल्यासंगं. ती मारुतीशी असं बोलायची की जणू तो शेजारच्या शेडमधी राहायला आलाय, त्याला दोष द्यायची नाही आणि त्याच्याकडं काही मागायची पण नाही, सकाळी चूल पेटली की चहाचा पहिला घोट त्याच्या नावानं बाजूला. मला त्या शेडमधला देव कळतो. कोपणारा कळत नाही, आणि सगळं चांगल्यासाठीच करतो म्हणतात तो पण कळत नाही.

तुमच्या सोयाबीनचं म्हणाल तर तेरणेच्या काठानं एक चक्कर मारा. नवस फेडलेल्यांचं पण गेलंय आणि कधी देवळाची पायरी न चढलेल्याचं माळावरचं रान वाचलंय. पाण्यानं कुणाची वही बघितली नाही.

नांदेड_होस्टेल

मी लहान आहे सगळ्यांपेक्षा, दोनच गोष्टी लिहितो. नांदेडला शिकायला होतो तेव्हा महिनाअखेरीला मेसचे पैसे संपले की आम्ही दोघंतिघं मित्र सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरला जायचो. पहिल्यांदा लई भीती वाटली, कुणी विचारलं तुम्ही कोण, दर्शन घेतलं का, तर काय सांगायचं. कुणीच विचारलं नाही. डोक्याला रुमाल बांधा एवढंच सांगितलं. पंगतीत बसलो, रोटी दोन्ही हात जोडून ओंजळीसारखे पुढं करून घ्यायची असते ते शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी खुणेनं दाखवलं, आणि वाढणारा पोरगा माझ्याच वयाचा होता तो परत परत येऊन दाल घ्या दाल घ्या करत होता. माझ्या एका बाजूला कारमधून आलेलं कुटुंब आणि दुसऱ्या बाजूला स्टेशनवर झोपणारा माणूस, वाढायला तोच पोरगा आणि तीच बादली. भूक लागलीय एवढं पुरे होतं. माळकरी काकांनी जनाबाईंचं कारण लिहिलं ना, कुणी नाही म्हणून, ते वाचून मला तो हॉल आठवला.

दुसरं म्हणजे आपल्या हिंगोलीच्या नर्सीचे नामदेव महाराज, त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहेत, हे मला तिथं एका सेवादाराकडून कळलं, घरी कुणी सांगितलं नव्हतं. ज्या घरात जनाबाई राबली त्याच घरातला माणूस. लई भारी वाटलं होतं.

जालना_वाचक

मी ख्रिस्ती आहे, जालन्याचा. बिनअटीची प्रीती हा आमच्या चर्चमध्ये दर रविवारी ऐकू येणारा विषय, म्हणून लिहायचं धाडस करतोय. किल्लारीच्या भावांनी पाण्याचं लिहिलं ते वाचून थांबलोच, कारण मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू तेच म्हणतो, देव आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो, नीतिमानावर आणि अनीतिमानावर सारखाच पाऊस पाडतो. आम्ही हे वचन नेहमी चांगल्या पावसाचं म्हणून वाचतो. मराठवाड्यात पाऊस म्हणजे २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा न पडलेला पण, आणि आता रान धुऊन नेणारा पण. म्हणजे चांगला पाऊस हे बक्षीस नाही तसा वाईट पाऊस ही शिक्षा नाही, असंच ते वाचायला पाहिजे. पाळण्यातल्या लेकराचं उत्तर माझ्याकडं पण नाही भाऊ. वधस्तंभाकडं बघितलं की एवढं वाटतं की देवानं दुःख लांबून बघितलं नाही. तुमच्या आजीचं वाक्य मी लिहून ठेवलंय.

ताई, उधळ्या पुत्राचा दाखला तुम्हाला माहीत असेल नसेल, लूकच्या पंधराव्या अध्यायात आहे. धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच वाटणी मागतो, परमुलखात सगळं उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरं राखायची वेळ येते. मग परत निघतो, वाटेत बापाला काय म्हणायचं ते पाठ करतो, मी तुमचा मुलगा म्हणवायच्या लायकीचा नाही, मला मोलकऱ्यात ठेवा. आता गंमत बघा, तो लांब असतानाच बाप त्याला बघतो आणि पळत सुटतो. आपल्याकडचा म्हातारा शेतकरी, धोतर सावरत भर रस्त्यावरून पळतोय असं बघा डोळ्यासमोर, गाव काय म्हणेल ह्याची फिकीर नाही. मिठी मारतो. मुलगा पाठ केलेलं म्हणायला लागतो पण मोलकऱ्यात ठेवा हे वाक्य बाप त्याच्या तोंडून निघूच देत नाही, झगा आणा, अंगठी आणा सुरू होतं. मिठी आधी, माफी मागणं नंतर. ह्या क्रमावर माझा विश्वास उभा आहे.

त्यात थोरला मुलगा पण आहे. तो घरात यायलाच तयार नाही, इतकी वर्षं राबलो, मला एक करडू पण दिलं नाही म्हणतो. तो सज्जन आहे, पण घरात राहूनही तो नोकरासारखा राहिला, बापाजवळ त्यानं फक्त हिशेब मांडला. आमच्या मंडळीत पण असले लोक भरपूर आहेत, अमुक दिवस उपास करतो, देवा एवढं कर. नवस फक्त हिंदूंच्यात असतो असं समजू नका.

ओळखायचं कसं ह्यावर मी आईचं सांगतो. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, रात्रपाळी असायची. एक म्हातारा पेशंट होता, पाठीला जखमा झालेल्या, कूस बदलायला गेलं की शिव्या द्यायचा, अगदी घाण शिव्या. आई दर दोन तासांनी जायची, शिव्या खायची, कूस बदलायची, पाठ पुसायची, पावडर लावायची. मी एकदा विचारलं राग येत नाही का. ती म्हणाली, येतो की, पण पाठ त्याची दुखते ना. मला देवाचं प्रेम समजायला प्रवचनापेक्षा हे वाक्य जास्त उपयोगी पडलं. आपण रागावलो, विसरलो, शिव्या घातल्या तरी तो दर दोन तासांनी येतोच आहे.

औसेकर_ताई

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा वाचलं. माळकरी दादा, त्या बाईचं पुढं काय झालं मला माहीत नाही, तिचं लेकरू आमच्या आधी घरी गेलं. काल रात्री लेकराला झोपवताना तीच डोक्यात होती, तिच्या मनगटात काळा दोरा होता आणि वाटी देताना ती म्हणायची, घे माय, लेकरं सगळी सारखीच. किल्लारीचे भाऊ, तुमच्या बहिणीचं वाचून डोळ्यात पाणी आलं, काय लिहावं कळत नाही.

आता खरी अडचण सांगते. मला हळूहळू पटायलंय की आई कोपलेली नाही. पण मग नवसाचं काय करायचं, सोडून द्यायचा का? सासूबाई सत्तरीच्या पुढं आहेत, त्यांना मी जनाबाई आणि लंगर सांगायला बसले तर म्हणतील सून शिकून शहाणी झाली, देवीला पण उडवून लावायली. घरात ह्यावरून भांडण नको आहे.

तुळजापूर_माहेर

ताई, सोडू अजिबात नका. माझं माहेरच तुळजापूरचं, म्हणून ह्या विषयावर मला बोलायचंच होतं. वर सगळ्यांनी नवसाला जरा सौदाच ठरवलाय, मला ते पूर्ण पटत नाही. काचेच्या पेटीपुढं उभी राहिलेली म्हातारी बाई, इंग्रजीत बोलणारे डॉक्टर, हातात काही नाही, तिनं देवीला म्हटलं, आई एवढं लेकरू वाचव, तुला साडी नेसवीन. हा व्यवहार नाही हो, ती तिच्या आईजवळ रडली आहे. पोरगी माहेरी जाऊन आईला म्हणते ना, एवढं कर मग बघ मी तुला काय आणते, तसलं बोलणं आहे ते. बोलताना प्रेमच होतं, भीती नंतर शिरली, संकटं आली तेव्हा.

आणि आमच्या आईचं एक सांगते, बाहेरच्या लोकांना फार माहीत नसतं. नवरात्राच्या आधी देवीला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, मंचकी निद्रा म्हणतात. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की परत निजवतात, ती श्रमनिद्रा, युद्ध करून दमली म्हणून, मग पौर्णिमेला सिंहासनावर बसवतात. लहानपणी आजी त्या दिवसांत आम्हाला घरात आवाज करू द्यायची नाही, आई झोपलीय म्हणायची. जिच्या दमण्याची आम्ही काळजी करतो आणि जिला झोपू देतो, ती तुमच्या सोयाबीनवर वसुलीला येईल असं मला मरेपर्यंत कुणी पटवू शकणार नाही. महिषासुराला मारणारी आहे ती, एवढ्याशा लेकराच्या मागं लागणारी नाही.

म्हणून फेडा, पण दंड म्हणून नको. लेकरू पळायला लागलं हे आईला दाखवायला जा. साडी भारीच पाहिजे असं काही नाही, खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, तुमच्या रानातली मूठभर तूर घाला ओटीत, ती मला सगळ्यात भारी वाटेल. गोंधळाचं गावातल्या गोंधळ्यांना परिस्थिती मोकळेपणानं सांगा, ते पण आपल्यातलेच आहेत, दोन माणसात संबळ आणि तुणतुण्यावर साधा गोंधळ घालतात, मांडव आणि गावजेवण पाहिजेच असं देवीनं कुठं सांगितलंय. आणि सासूबाईंशी देव असा नाही तसा नाही हा वाद घालूच नका. त्यांना म्हणा, तुम्ही बोलला म्हणून लेकरू जगलं, आता तुमच्याच हातानं ओटी भरा. त्या भितात ती नातवासाठी, देवीला नाही. तिथं लेकराला त्यांच्या कडेवर द्या आणि तुम्ही मागं उभ्या राहा. जमलं तर त्या उदगीरच्या बाईच्या नावानं पण एक नारळ घ्या, नाव माहीत नसलं तरी चालतं.

मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, तोबा गर्दी असते, म्हातारं माणूस आणि लहान लेकरू दोन्ही रांगेत वैतागतात. सकाळी लवकर पोचा म्हणजे ऊन व्हायच्या आत होतं. देऊळ खाली आहे, उतरायला पायऱ्या बऱ्याच आहेत आणि तीर्थापाशी ओल असते, सासूबाईंचा हात धरा. निघायच्या आधी इथं मेसेज टाका, माझी वहिनी तिथंच राहते, चहापाणी आणि लेकराला दूध तिच्याकडं होईल.